जागेनुसार बदलणारा दाब आणि तापमान मॉडेलला कसं द्यायचं?

फायनाइट एलिमेंट विश्लेषणात (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून स्ट्रेस म्हणजे आतला ताण काढण्याची संगणकी पद्धत) विचारलेली अडचण अशी आहे. सपाट भिंतींची चौकोनी स्टीलची टाकी, पाण्याची खोली ३ मीटर. दाब खाली जाताना वाढतो. भिंतीचं तापमान तळाशी ४० अंश आणि वर ९० अंश सेल्सिअस. विचारणाऱ्याने भिंतीच्या फेसचे (पृष्ठभागाचे) दहा आडवे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला एक स्थिर दाब व एक स्थिर तापमान दिलं. आता प्रत्येक पट्ट्याच्या सीमेवर स्ट्रेसची आडवी रेघ उमटते आहे. पट्टे न पाडता हे जमतं का, आणि जमलं तर आलेला आकडा बरोबर आहे हे कशावरून समजायचं?

जमतं. पण पट्टे पुसण्याआधी त्यांनी काय बिघडवलं ते बघा, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच कळेल. दाबाच्या पट्ट्यांचा आणि तापमानाच्या पट्ट्यांचा गुन्हा सारखा नाही. दाब म्हणजे बळ. भिंत ते गोळा करत आधारापर्यंत नेते आणि त्या वाटेत पायऱ्या बऱ्याचशा घासल्या जातात. तापमानाचं तसं नाही, ते थेट स्ट्रेन (लांबीतला प्रमाणशीर बदल) होऊन बसतं. ५० अंशांचा फरक दहा पट्ट्यांत वाटला की शेजारच्या दोन पट्ट्यांत ५ अंशांची पायरी पडते. स्टीलचा यंग मोड्युलस (ताठपणाचा आकडा) २,१०,००० मेगापास्कल आणि प्रसरण गुणांक दर अंशाला दहा लाखांत १२ भाग धरला, तर पूर्ण अडवलेल्या स्टीलमध्ये एका अंशाला २.५२ मेगापास्कल होतात. ५ अंशांना १२.६. प्रत्यक्षात दोन्ही पट्टे थोडे थोडे सरकून भांडण वाटून घेतात, त्यामुळे आकडा याहून कमी येतो, पण रेघ दिसायला तेवढा पुरतो. खात्री हवी असेल तर दाब बंद करून फक्त तापमानाचा एक रन मारा. रेघा जवळपास तशाच राहतील असा माझा अंदाज आहे.

आता दाब. सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

दाब = घनता × गुरुत्वत्वरण × (पाण्याची पातळी − बिंदूची उंची)

हे सॉफ्टवेअरला सांगायचे मार्ग ढोबळमानाने चार: तयार हायड्रोस्टॅटिक (साठलेल्या पाण्याच्या दाबाचा) लोड, को-ऑर्डिनेटमध्ये लिहिलेलं सूत्र, बिंदूंचं टेबल, आणि स्वतः लिहिलेली सबरूटीन (छोटा प्रोग्रॅम). पाण्यासाठी पहिले दोन पुरेत. सबरूटीनच्या नादी लागू नका. कंपायलर जुळवण्यात जाणारा वेळ फक्त तेव्हाच वसूल होतो, जेव्हा दाब विस्थापनावर किंवा मॉडेलच्या आतल्या एखाद्या अवस्थेवर अवलंबून असतो.

तयार पर्यायातही पाय घसरतो. अबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हायड्रोस्टॅटिक वितरण निवडलं की ते शून्य दाबाची उंची आणि संदर्भ दाबाची उंची मागतं, आणि त्रिमितीय मॉडेलमध्ये उंची म्हणजे झेड असं गृहीत धरतं. कॅडमध्ये टाकी वाय-दिशेने उभी काढली असेल, तर पाणी आडवं साठतं. त्याच सॉफ्टवेअरमध्ये सूत्राचं फील्ड (जागेनुसार बदलणारी किंमत) वापरताना वेगळी गंमत होते. लोडच्या खिडकीतला आकडा आणि फील्डची किंमत यांचा गुणाकार होतो. सूत्रातच पूर्ण दाब लिहिला असेल तर तिथे १ टाका, नाहीतर दाब दोनदा मोजला जातो. अॅन्सिसच्या क्लासिक कमांडमध्ये एसएफग्रॅड नावाचा उतार एकदा लावला की काढेपर्यंत लागू राहतो. त्यानंतर दुसऱ्या फेसवर दिलेला साधा स्थिर दाबही तिरका होतो, आणि तुम्ही भलतीकडेच चूक शोधत बसता. नॅस्ट्रानमध्ये पीलोड४ कार्डावर (इनपुट फाइलमधल्या ओळीवर) एलिमेंटच्या चारही कोपऱ्यांना वेगवेगळा दाब देता येतो, पण कोपऱ्यांचे आकडे प्रीप्रोसेसरकडून भरून घ्या. हाताने भरायचं काम नाही ते.

पातळीच्या वरच्या भागाचं काय? सूत्र तसंच सोडलं तर कंसातली किंमत ऋण होते आणि पाण्यावरची कोरडी भिंत आत ओढली जाते. चित्रात हे सहज नजरेतून सुटतं, कारण तिथले बाण छोटे असतात. सूत्रात शून्य आणि ती किंमत यांतलं मोठं घ्या. सॉफ्टवेअरला 'मोठं ते घे' असं फंक्शन नसेल तर जुनी युक्ती आहे: किंमत अधिक तिचं निरपेक्ष मूल्य, भागिले २. ऋण असेल तर शून्य होतं, धन असेल तर तसंच राहतं. शक्य असल्यास पाण्याच्या पातळीवर एक रेघ मारून फेस तिथे कापा, म्हणजे कोणताही एलिमेंट अर्धा ओला अर्धा कोरडा राहणार नाही. एवढा एक पट्टा मी माफ करतो.

एककांबद्दल फार बोलत नाही, फक्त एक सवय सांगतो. सूत्रातला झेड मॉडेलच्या लांबीच्या एककात वाचला जातो. मॉडेल मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कलमध्ये असेल तर पाण्याच्या घनता-गुरुत्वत्वरणाचा गुणाकार ०.०००००९८१ न्यूटन प्रति घन मिलिमीटर येतो, आणि ३००० मिलिमीटर खोलीवर दाब ०.०२९४३ मेगापास्कल. हा शेवटचा आकडा कागदावर लिहून मगच सूत्र टाइप करा. तळाच्या एका बिंदूवर तो दिसला नाही तर पुढे जाऊ नका.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: सॉल्व्हर (सॉफ्टवेअरचा गणित सोडवणारा भाग) तुमचं सूत्र वाचतो तरी कुठे? तुम्ही अखंड सूत्र लिहिलं म्हणून तो ते अखंड वाचत नाही. एलिमेंटच्या मध्यबिंदूवर, नोडवर (एलिमेंट एकमेकांना जोडले जातात त्या बिंदूंवर) किंवा इंटिग्रेशन पॉइंटवर (एलिमेंटच्या आतल्या मोजणीच्या बिंदूंवर) तो किंमत घेतो आणि मधलं स्वतः भरतो. मध्यबिंदूवर वाचून पूर्ण एलिमेंटला तोच दाब दिला, तर तुम्ही हाताने पाडलेले पट्टे मेशने (एलिमेंटच्या जाळीने) पाडले एवढाच फरक. याचा परिणाम मोजता येतो. रुंदीच्या दर मीटरला एकूण बळ ४४,१४५ न्यूटन येतं (अर्धा × घनता × गुरुत्वत्वरण × खोलीचा वर्ग) आणि ते तळापासून १ मीटरवर लागतं. सरळ रेषेत बदलणाऱ्या दाबासाठी मध्यबिंदूवरून काढलेलं एकूण बळ अगदी बरोबर येतं, मग उंचीत दोन एलिमेंट असोत की वीस. चुकतं ते तळाभोवतीचं मोमेंट (बळ × तळापासूनचं अंतर). उंचीत सारख्या मापाचे एन एलिमेंट असतील, तर मोमेंट एक भागिले दोन एन-वर्ग इतक्या प्रमाणात जास्त येतं. दोन एलिमेंटना १२.५ टक्के, चारला सुमारे ३ टक्के, दहाला अर्धा टक्का. म्हणजे तुमच्या दहा पट्ट्यांनी दाबाच्या बाबतीत जेमतेम अर्ध्या टक्क्याचं नुकसान केलं होतं, आणि म्हणूनच मी वर तापमानाकडे बोट दाखवलं.

यातून तपासणीची पद्धतही ठरते. फक्त बळांची बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, मोमेंटही जुळवा. आणि ही तपासणी पूर्ण टाकीवर करू नका. समोरासमोरच्या भिंतींवरचे दाब एकमेकांना खाऊन टाकतात, आडव्या रिअॅक्शनची (आधारांच्या प्रतिबळांची) बेरीज शून्य येते आणि रिपोर्टमध्ये 'संतुलन तपासलं' असं लिहिलं जातं. दाब चौपट चुकीचा असता तरी बेरीज शून्यच आली असती! एका रनमध्ये एकाच भिंतीवर दाब ठेवा, बाकीच्या भिंती बिनदाबाच्या. आडव्या रिअॅक्शनच्या बेरजेला रुंदीने भागल्यावर ४४,१४५ च्या अगदी जवळ यायला हवं.

भिंत शेल एलिमेंटची (पातळ पत्र्यासाठीच्या, नुसत्या पृष्ठभागासारख्या एलिमेंटची) असेल तर आधी नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) रंगवून बघा. धन दाब नॉर्मलच्या सापेक्ष लागतो, आणि एका पॅचची नॉर्मल उलटी असेल तर तेवढ्या भागात पाणी बाहेरून ढकलत असतं.

वक्र पृष्ठभाग आला की को-ऑर्डिनेट सिस्टिमची निवड हेच निम्मं काम. पिन छिद्रात दाबली जाते तेव्हा दाब कोसाइनसारखा पसरतो असं आपण धरतो: मध्यावर सर्वाधिक, दोन्ही बाजूंना ९० अंशांवर शून्य. ग्लोबल एक्स-वायमध्ये हे लिहिणं म्हणजे डोकेदुखी. छिद्राच्या अक्षावर दंडगोलीय सिस्टिम बसवा आणि कोनाचं कोसाइन घ्या. कमाल दाब असा निघतो:

कमाल दाब = २ × बळ ÷ (π × त्रिज्या × लांबी)

१० किलोन्यूटन बळ, २५ मिलिमीटर त्रिज्या आणि ४० मिलिमीटर लांबीला ६.३७ मेगापास्कल. इथे दोन गोष्टी हमखास नडतात. कोन अंशात वाचला जातो की रेडियनमध्ये, हे सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेटिंगनुसार बदलतं. दुसरी म्हणजे कोनाची शिवण. कोन कुठेतरी ३६० वरून ० ला किंवा १८० वरून उणे १८० ला उडी मारतो. कोसाइनला त्याचं काही वाटत नाही. पण 'कोन ९० पेक्षा कमी असेल तर' अशी अट लिहिली असेल आणि शिवण लोडच्या मध्यावर आली असेल, तर अर्धा दाब गायब होतो. अट कोनावर न लिहिता कोसाइनवर लिहा: कोसाइन धन असेल तर लावा, नाहीतर शून्य. शिवणीचा प्रश्नच मिटतो.

मोठी विस्थापनं असलेल्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट विचारा: को-ऑर्डिनेट मूळ आकाराचे की वाकलेल्या आकाराचे? अबॅकसच्या डीलोड (लोड देणाऱ्या) सबरूटीनला, भूमितीय नॉनलिनिअरिटी (बदलत्या आकाराचा हिशेब) चालू असेल तर, चालू स्थितीतले को-ऑर्डिनेट मिळतात. पाण्यासाठी हे योग्यच, कारण भिंत खाली झुकली तर तिथला दाब खरोखर वाढतो. पण मूळ भूमितीवर मोजलेला वाऱ्याचा दाब देत असाल तर ते नको असतं.

आता तापमान. इथे माझं मत थोडं ठाम आहे: तापमानाचं सूत्र शक्यतो लिहूच नका. तुमच्यासारखं तळाशी ४० आणि वर ९०, मध्ये सरळ रेषा, एवढंच असेल तर ठीक. पण थोडी गुंतागुंत आली की लोक पाच-सहा मोजमापांतून पॉलिनोमियल बसवतात, आणि ते पॉलिनोमियल मोजमापांच्या मध्ये कुठेतरी ११० अंशांवर जाऊन येतं. त्याऐवजी सॉल्व्हरलाच कामाला लावा. त्याच मेशवर स्थिर उष्णतावहनाचा एक रन करा, मोजलेली तापमानं जिथली तिथे बाउंडरी कंडिशन (ठरवून दिलेली अट) म्हणून द्या, आणि निघालेलं फील्ड स्ट्रेसच्या रनला भरवा. आत उष्णतेचा उगम नसेल आणि उरलेल्या पृष्ठभागांवर काही दिलं नसेल, तर वहनाच्या उत्तरात दिलेल्या कमाल-किमान तापमानांच्या बाहेरचा आकडा येऊच शकत नाही. मधला भाग गुळगुळीत भरला जातो, कोपरे आणि छिद्रं आपोआप सांभाळली जातात. याला मी तापमान काढणं म्हणत नाही, मोजमापांच्या मधली जागा शहाणपणाने भरणं म्हणतो. हवेकडे आणि पाण्याकडे जाणाऱ्या उष्णतेचे गुणांक ठाऊक असतील तर तेही घाला, मग ते खरं थर्मल विश्लेषण होतं. एक पथ्य आहे: थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) तापमान एकाच नोडला देऊ नका. त्रिमितीय वहनात एकट्या बिंदूचा प्रभाव मेश बारीक होत जाईल तसा आटत जातो. छोट्या पॅचला द्या, किंवा त्या उंचीवरची पूर्ण रेषा एकाच तापमानाची आहे हे माहीत असेल तर त्या रेषेलगतच्या पट्टीला.

तापमान नीट पोचलं की नाही यासाठी माझी एक आवडती चाचणी आहे. एकाच मटेरियलचा कसाही वेडावाकडा तुकडा घ्या, तो तरंगून जाऊ नये एवढीच सहा बंधनं द्या, आणि एका दिशेने सरळ रेषेत वाढणारं तापमान लावा. प्रसरण गुणांक स्थिर आणि सगळ्या दिशांना सारखा असेल तर स्ट्रेस शून्य यायला हवा. तुकडा वाकतो, फुगतो, पण कुठेही ताणला जात नाही. नवख्यांना हे पटत नाही, पण हे सिद्ध झालेलं आहे: सरळ रेषेत बदलणारी थर्मल स्ट्रेन जुळणीच्या अटी (फुगलेले तुकडे फट न पडता एकमेकांत बसणं) स्वतःहूनच पाळते. दुसऱ्या ऑर्डरच्या (कडांच्या मध्यावरही नोड असलेल्या) एलिमेंटमध्ये स्ट्रेस खरंच नगण्य दिसतो. पहिल्या ऑर्डरच्या (फक्त कोपऱ्यांवर नोड असलेल्या) विटेसारख्या ब्रिक एलिमेंटमध्ये थोडा खोटा स्ट्रेस उरतो आणि मेश बारीक केल्यावर उतरतो. कारण असं की स्ट्रेन ही विस्थापनाच्या उतारातून येते, म्हणजे एक पायरी खालची. तापमान मात्र थेट स्ट्रेन देतं. दोघांचा मेळ बसावा म्हणून अबॅकस आणि कॅल्क्युलिक्ससारखे सॉल्व्हर स्ट्रेस एलिमेंटमध्ये तापमान विस्थापनापेक्षा एक ऑर्डर खाली आणून वापरतात. पहिल्या ऑर्डरच्या एलिमेंटमध्ये तर नोडच्या तापमानांची सरासरी. म्हणजे पुन्हा पट्टेच, फक्त एलिमेंटच्या मापाचे. थर्मल स्ट्रेससाठी दुसऱ्या ऑर्डरचे एलिमेंट वापरा.

जाडीतल्या फरकासाठीही हाताचा आकडा तयार ठेवा. कडा वळू नयेत म्हणून अडवलेली, पण पसरायला मोकळी प्लेट, एक बाजू दुसरीपेक्षा ५० अंश गरम, जाडीत सरळ रेषेत बदल. पृष्ठभागावरचा स्ट्रेस म्हणजे मोड्युलस × प्रसरण गुणांक × तापमानफरक, भागिले [२ × (एक वजा पॉइसन गुणोत्तर)]. पॉइसन गुणोत्तर (एका दिशेने ताणल्यावर आडव्या दिशेने किती आकसतं त्याचं प्रमाण) ०.३ धरून स्टीलला ९० मेगापास्कल, आणि यात जाडी कुठेच येत नाही. सॉलिड मॉडेलमध्ये जाडीत एकच पहिल्या ऑर्डरचा एलिमेंट असेल तर हे ९० तुम्हाला दिसणारच नाहीत, कारण सरासरीने दोन्ही बाजू सारख्याच गरम करून टाकल्या.

संदर्भ तापमान विसरण्याची चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर एकच परिच्छेद पुरे. थर्मल स्ट्रेन तापमानातून नाही, तापमानाच्या फरकातून येते. सुरुवातीचं तापमान दिलं नाही तर अबॅकस ते शून्य धरतो. टाकी २० अंशांवर जोडली गेली असेल, तर प्रत्येक बिंदूला २० अंश फुकट मिळाले, आणि अडवलेल्या जागी सुमारे ५० मेगापास्कल जास्तीचे. प्रसरण गुणांक तापमानानुसार बदलत असेल तर तो सिकंट (संदर्भापासूनची सरासरी) आहे की तात्कालिक (त्या तापमानापुरता), हेही बघा. अबॅकसला संदर्भ तापमानापासून मोजलेला सरासरी गुणांक लागतो. अॅन्सिसमध्ये दोन्ही देता येतात, पण वेगवेगळ्या नावांनी.

तापमान किंवा दाब दुसऱ्या विश्लेषणातून बिंदूंच्या ढगाच्या रूपात येत असेल, तर मॅपिंगवर (ते आकडे आपल्या मेशवर बसवण्यावर) विश्वास टाकण्याआधी त्याचं चित्र काढा. मी एकदा ४ मिलिमीटर जाडीच्या गरम नळीवर प्रवाहाच्या विश्लेषणातून आलेली तापमानं मॅप केली. ढगात आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाचे बिंदू एकत्रच होते, आणि एकाच पृष्ठभागावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर ६ मिलिमीटर. सर्वांत जवळचा बिंदू शोधताना बाहेरच्या कित्येक नोडना आतला बिंदू जवळचा वाटला. नळीवर चित्त्यासारखे ठिपके उमटले. मी मात्र आधी स्ट्रेसचं चित्र उघडलं होतं आणि दोन दिवस 'लोकल स्ट्रेस इतका का' म्हणत मेश बारीक करत बसलो. उपाय पाच मिनिटांचा होता: ढगाचे आत आणि बाहेर असे दोन भाग करून प्रत्येक फेसला त्याचाच भाग देणं.

ढगाबाहेर पडलेल्या नोडचं काय होतं ते त्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये बघाच. कुठे जवळची किंमत घेतली जाते, कुठे शून्य. गरम भागात एका नोडला शून्य अंश म्हणजे काय होईल ते सांगायला नको. नॅस्ट्रानमध्ये ज्या नोडना टेम्प कार्ड नाही त्यांना टेम्पडी कार्डावरचं तापमान मिळतं. ते मुद्दाम भलतंच काहीतरी टाकलं, उदाहरणार्थ १००० अंश, तर न पोचलेले नोड चित्रात लगेच डोळ्यांत भरतात. नंतर बदलायला मात्र विसरू नका. आणि ढगात दाब आहे की नोडवरचं बळ, हे पाठवणाऱ्याला विचारा. दाब हा दर क्षेत्रफळाचा असतो, तो नव्या मेशवर वाचून घेता येतो. नोडवरचं बळ तसं वाचून घेतलं आणि नव्या मेशवर चौपट नोड असले, तर एकूण बळही चौपट होतं. बळ वाटून द्यावं लागतं, बेरीज तीच राहील असं.

तुमच्या टाकीत पट्टे गेल्यावर, तापमान वहनातून भरल्यावर आणि ४४,१४५ जुळल्यावरही एक आडवी रेघ उरेल, भिंत तळाला मिळते तिथे. ती पुसायच्या मागे लागू नका. तिथे भिंत अडवलेली आहे, वाकणं खरं आहे आणि तापमानामुळे फुगू पाहणारी भिंत तळ रोखून धरतो, हेही खरं आहे. फक्त मेश दोनदा बारीक करून बघा. आकडा स्थिरावला तर तो डिझाइनला वापरा. दर वेळी चढतच राहिला तर तो आतल्या टोकदार कोपऱ्याचा आहे. तिथे वेल्डचा आकार मॉडेलमध्ये आणा, किंवा कोपऱ्यापासून थोड्या अंतरावरचे स्ट्रेस वाचा.